नॉर्मल रिपोर्टचा भरवसा

ती. मामांस,


स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायचं तुमच्या मनात आहे, असं मामीकडून कळलं. म्हणून हे पत्र.

अमेरिकेतला टिम रसर्ट हा ‘मीट द प्रेस’ या टीव्ही कार्यक्रमाचा सूत्रसंचालक, भल्याभल्या नेत्यांना घाम फोडणारा. हृदयधमन्यांचा आजार होता, पण त्रास नव्हता. २९ एप्रिल २००८ला त्याची स्ट्रेस टेस्ट चांगली आली. १३ जूनला वॉशिंग्टनच्या कार्यालयात काम करता करता तो कोसळला आणि ५८व्या वर्षी गेला. शवविच्छेदनात धमनीतला प्लाक, म्हणजे भिंतीत साचलेला चरबीचा थर, फुटलेला सापडला.

स्ट्रेस टेस्टला कळते ती अरुंद जागा. धमनी साधारण ७० टक्के बुजली, की धावताना रक्त कमी पडतं आणि ईसीजीचा आलेख बदलतो. फुटणारा प्लाक मात्र पुष्कळदा निम्मीही वाट अडवत नाही. अटॅकपूर्वीच्या अँजिओग्राफी १९८८मध्ये संशोधकांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा हेच दिसलं.

या प्लाकमध्ये चरबीचा मऊ साठा असतो आणि त्यावर तंतूंची साय. धोक्याच्या प्लाकवरची साय ६५ मायक्रॉनहूनही पातळ. आत शिरलेल्या पांढऱ्या पेशी विकरं सोडून तिला कुरतडत राहतात. ती फाटली, आतला ऐवज रक्ताला लागला, की प्लेटलेट्स जमतात, गुठळी धरते आणि वाट बंद. पुढचा स्नायू अर्ध्या तासात मरू लागतो.

प्लाक फुटून मरण येणं हे जुनंच आहे. शिल्पकार थोरवाल्डसेन १८४४मध्ये कोपनहेगनच्या नाट्यगृहात बसल्या जागी गेला. त्याच्याही धमनीत फुटलेला प्लाक आढळला होता. तरी गुठळीमुळे अटॅक येतो की अटॅकमुळे गुठळी होते, यावर डॉक्टर १९८०पर्यंत भांडत होते!

रसर्टही औषधं घेतच होता, असं तुम्ही म्हणालच. खरं आहे. गोळी धोका कमी करते, शून्यावर आणत नाही. पण तिने चरबी उतरते, साय जाड होते, आणि हे काम स्ट्रेस टेस्टच्या रिपोर्टात दिसत नाही.

तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आणि छातीत दाब, हातात कळ, दरदरून घाम असं कधी झालं, तर ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नका. लगेच १०८ला फोन करा.

तुमचा भाचा