चाकांवरचे बिऱ्हाड

ज्या गावाची वस्ती बारा हजारांच्या घरात, त्या गावच्या शिवारात जूनमधल्या चार दिवसांसाठी सत्तर-ऐंशी हजार माणसे राहायला यावीत, आणि तीही नुसते गाणे ऐकायला, हे आपल्याला चटकन खरे वाटत नाही. वारीला आपल्याकडे याहून कितीतरी अधिक माणसे लोटतात. पण ती विठोबाच्या ओढीने. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील मँचेस्टर हे ते गाव आणि 'बॉनारू' हा तो उत्सव. न्यू ऑर्लिन्सच्या डॉक्टर जॉन नावाच्या गायकाने १९७४ साली काढलेल्या एका तबकडीच्या नावातून हा शब्द उचललेला आहे. पहिला बॉनारू २००२ साली भरला. आम्ही गेलो तो २०२३ सालच्या जूनमध्ये, चाकांवरच्या बिऱ्हाडात बसून.

जायचे कारण गाणे नव्हे. आमचे चिरंजीव अटलांटाला असतात. नातू मे महिन्यात शाळा संपवून मोकळा झाला होता आणि ऑगस्टमध्ये शिकायला पार कॅलिफोर्नियाला निघणार होता. त्याआधी चार दिवस सर्वांनी एका छपराखाली काढावेत, असे सूनबाईंच्या मनात आले. वाचक म्हणतील, मग घर कुठे पळून गेले होते? पण घर फार मोठे होते हीच तर अडचण! जो तो आपापल्या खोलीत, दार लोटलेले. जेवायला बोलवायचे ते फोनवर. म्हणून पंचवीस फुटांची आर. व्ही. भाड्याने आली. नातू म्हणाला, "आजी-आजोबा आले तरच मी येणार." चिरंजीवांनी आमच्या गुडघ्यांची सबब सांगून पाहिली, पण ती टिकली नाही.

आर. व्ही. म्हणजे मोटारीच्या पाठीवर बसवलेली दीड खोली. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा, तिथे नातवाचे अंथरूण. मागे आम्हा दोघांचा पलंग. मधले जेवणाचे टेबल रात्री खाली दाबले की मुलगा-सुनेची गादी होते. गॅसची शेगडी, शीतकपाट, आणि उभे राहून जेमतेम वळता येईल असे न्हाणीघर. अटलांटाहून मँचेस्टर सुमारे तीनशे किलोमीटर. चॅटनूगा सोडल्यावर माँटीगलचा घाट लागतो. त्या चढणीवर आमच्या डब्यांनी आणि भांड्यांनी असा काही ताल धरला की उत्सव तिथेच सुरू झाला. वाटेत घड्याळ एक तास मागे जाते. आमच्या सौ.ला हा फुकट मिळालेला तास फार आवडला.

दारावर प्रत्येक गाडीची झडती होते. काचेच्या बाटलीला आत मज्जाव. नातवाने हे आधीच वाचून ठेवल्यामुळे लोणचे प्लॅस्टिकच्या डब्यातून सुखरूप आत गेले. सातशे एकरांचे कुरण. त्यावर दोऱ्या आखून गल्ल्या पाडलेल्या. एका अंगाला तंबू, एका अंगाला आमच्यासारखी बिऱ्हाडे. या परगण्याचे नाव कॉफी. तेव्हा कॉफी परगण्यात पहिल्या संध्याकाळी आम्ही आल्याचा चहा केला.

आता या गाडीतले खरे शास्त्र सांगतो. ते पाण्याचे आहे. पोटाखाली तीन टाक्या असतात: एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची आणि तिसरीचे नाव काढू नये. चांगले पाणी दीडशे लिटर, माणसे पाच, दिवस चार. सांडपाणी गवतावर सोडायचे नाही. टाकी भरली तर पैसे मोजून उपसा करणारी गाडी बोलवायची. भिंतीवर चार दिवे असतात, बटण दाबले की कुठली टाकी किती भरली ते कळते. आमची सौ. गिरगावच्या चाळीत वाढलेली. पहाटे साडेचारला नळ येणार आणि साडेसहाला जाणार, या शिस्तीत जिचे बालपण गेले तिला हे दिवे म्हणजे माहेरचा निरोप वाटला. तिने पहिल्याच दिवशी कारभार हाती घेतला. दात घासायला एक पेला. भांडी आधी कागदाने पुसायची, मग पातेल्यातल्या पाण्यात, मग धार. स्नान माणशी एक तांब्या, डोक्यावरून नाही. चार हजार चौरस फुटांच्या घरात वीस-वीस मिनिटे शॉवरखाली उभा राहणारा नातू तांब्या हातात घेऊन "आजी, अर्धा अजून?" असे विचारताना मी ऐकला.

शेजारी ओहायोहून आलेले एक निवृत्त ट्रकड्रायव्हर व त्यांची पत्नी. ही त्यांची आठवी वारी. पहाटे गृहस्थ बर्फाची पिशवी आणून द्यायचे, इकडून पोह्यांची ताटली जायची. वाटेत भेटेल तो अनोळखी माणूस हात वर करून टाळी मागतो आणि "हॅपी रू!" म्हणतो. दोन दिवसांत सौ. न मागता टाळ्या देऊ लागली.

गाण्याच्या जागांची नावे कोणा विनोदी माणसाने ठेवली असावीत. सर्वांत मोठा मंच 'व्हॉट', दुसरा 'विच', आणि शिवाय 'धिस', 'दॅट' व 'द अदर'. त्यामुळे आमच्या गाडीत असे संवाद चालत:

"आज कोण आहे रे?"

"व्हॉट."

"अरे, कोण आहे विचारते मी!"

गाण्याविषयी माझे मत विचाराल तर ठोका फार. तो कानात शिरत नाही, थेट बरगडीवर बसतो. मी कापसाचे बोळे घालून उभा होतो. रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सव भरत असे तेव्हा शाल पांघरून, मांडी घालून ऐकलेला मी माणूस. गायकाने षड्ज लावला की शेजाऱ्याचा खोकलासुद्धा अपराध वाटे. इथे लोक उभे, खात, नाचत, आणि मुख्य म्हणजे गायकाबरोबर गात. १९६९ साली वुडस्टॉकला रविशंकर आणि अल्लारखाँ भर पावसात वाजवायला बसले, त्यांना काय वाटले असेल ते थोडेफार कळले. पावसाची धास्ती इथेही असते. २०२१ सालचा बॉनारू वादळी पावसाने झालाच नाही आणि २०२५ साली तर सुरू झालेला उत्सव दुसऱ्याच दिवशी आवरता घ्यावा लागला. ओल्या कुरणातून बिऱ्हाडगाडी बाहेर काढणे म्हणजे काय, ते शेजारच्या ड्रायव्हरसाहेबांनी आम्हांला साभिनय सांगितले होते.

शुक्रवारी रात्री केंड्रिक लामार होता. त्याच्या तबकडीला २०१८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, ते शास्त्रीय आणि जॅझ सोडून इतर संगीताला मिळालेले पहिलेच. मला त्यातले अक्षर समजेना. म्हणून दुपारी, बाहेर ऊन मी म्हणत असताना, नातवाने टेबलावर वही उघडून शब्द समजावले. कुठे यमक शब्दाच्या पोटात आहे, कुठे माणूस बदलून बोलतो, कुठे आपल्याच गल्लीची लाज आणि अभिमान एका ओळीत येतात. आमचे कीर्तनकार आख्यान लावतात तसे वाटले. चिरंजीव भांडी पुसत होते, तेही येऊन टेकले. अधूनमधून प्रश्न विचारू लागले. बाप मुलाला विचारतो आहे आणि मुलगा न कंटाळता सांगतो आहे, हे त्या घरात आम्ही पाहिले नव्हते. सूनबाईंनी फोन हळूच पालथा घातला.

रविवार अठरा जून. तिकडचा 'फादर्स डे'. शेवटी फू फायटर्स. यांचा म्होरक्या डेव्ह ग्रोल आधी निर्वाणा या चमूत ढोल वाजवी. त्या चमूचा गायक १९९४ साली गेला, तेव्हा याने हे नवे बिऱ्हाड मांडले. आणि २०२२ साली याचा स्वतःचा ढोलकीवाला, टेलर हॉकिन्स, दौऱ्यावर असताना गेला. वसंतराव आचरेकरांशिवाय कुमारांचे गाणे डोळ्यांपुढे आणून पाहा, म्हणजे या दुःखाची जात कळेल. नवा माणूस मागे बसला होता आणि ठोका चुकत नव्हता.

आणि आमचे चिरंजीव गाऊ लागले. पन्नाशी उलटलेला, कपाळ मोठे झालेला माझा मुलगा प्रत्येक गाण्याचा प्रत्येक शब्द म्हणत होता. १९९५ साली तो अमेरिकेत आला तेव्हा खोलीवर एकच कॅसेट होती, ती यांची, असे त्याने नातवाला सांगितले. मला नाही, मी बाजूला होतो म्हणून ऐकू आले. त्या वर्षी तो दर रविवारी आम्हांला फोन करी आणि "सगळं छान आहे, बाबा" म्हणे. नातू त्याच्याकडे पाहत राहिला, मग त्याच्या खांद्यावर हात टाकून तोही गाऊ लागला. मी कापसाचे बोळे काढून खिशात ठेवले.

सोमवारी सकाळी कुरण उठले. दोऱ्या सुटल्या, शेजारी हात हलवून गेले. सौ.ने बटण दाबून पाहिले: चांगल्या पाण्याचा एक दिवा अजून जळत होता. त्यातले तांब्याभर काढून तिने नातवाचे चिखलाचे बूट धुतले, पायरीवर उपडे ठेवले आणि विचारले, "काय रे, तुझ्या त्या कॅलिफोर्नियाच्या होस्टेलात पाणी किती वाजता येतं?"

"चोवीस तास, आजी."

"असं?" ती म्हणाली. "बरं, हा तांब्या तरी घेऊन जा."