तेच आख्यान, नवी रात्र

क्रोनोसशी लढत ऐन रंगात असताना आमच्या मुलुंडच्या घराची बेल वाजली आणि मी खेळ पॉज केला. क्रोनोसने तो पॉज काढून टाकला. खेळातल्या शत्रूने खेळाडूच्या बटणालाच हात घातलेला मी प्रथमच पाहत होते. तो काळाचा टायटन. त्याच्यासमोर काळ थांबवायचा अधिकार दुसऱ्या कुणाला कसा असेल? दार उघडून परत येईपर्यंत माझी नायिका मेलेली होती, आणि राग येण्याऐवजी मला हे सुचलेल्या माणसाला दाद द्यावीशी वाटली. पुढे एका मंत्राने त्याच्यासमोरही थांबता येतं, पण तो मंत्र मिळवावा लागतो.

हा खेळ ‘हेडीस २’. सॅन फ्रान्सिस्कोच्या सुपरजायंट गेम्सने मे २०२४ मध्ये तो अपुरा असतानाच खेळाडूंच्या हाती दिला, त्यांचं ऐकत घडवत नेला आणि २५ सप्टेंबर २०२५ रोजी पूर्ण करून आणला. ‘बॅस्टियन’, ‘ट्रान्झिस्टर’, ‘पायर’ आणि ‘हेडीस’ असे चार वेगवेगळे खेळ केल्यावर या कंपनीने प्रथमच एखाद्या खेळाचा दुसरा भाग काढला. पहिल्या ‘हेडीस’ला २०२१ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला होता, म्हणजे अपेक्षांचं ओझं लहान नव्हतं. त्यात पाताळाच्या राजाचा मुलगा झॅग्रिअस बापाचं घर सोडून वर पळू पाहायचा. आता गोष्ट त्याच्या बहिणीची, मेलिनोएची आहे. आजोबा क्रोनोसने सगळं घर कैद केलंय. तान्ही असताना तिला कुणी तरी वाचवलं, आणि चेटकिणींची गुरू हेकेटी हिने वाढवलं. आईबापांचा चेहराही न आठवणारी ही मुलगी रोज रात्री त्यांना सोडवायला खाली उतरते. ऑर्फिक स्तोत्रांत तिचं नाव येतं, पण ग्रीक पुराणांनी तिच्याबद्दल फार थोडं सांगून ठेवलंय. तेवढी मोकळी जागा लेखकांनी पुरेपूर वापरली आहे.

या प्रकारच्या खेळांना ‘रोगलाईक’ म्हणतात, १९८० सालच्या ‘रोग’ या खेळावरून. मेलात की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि दर वेळी वाटेतल्या खोल्या, शत्रू, वरदानं बदललेली. माझ्या मित्रमंडळींपैकी अनेकांना हे ऐकूनच थकवा येतो. मला आला नाही, कारण बाबांचं गाव कुडाळजवळ आहे आणि जत्रेतला दशावतार बघत मी मोठी झाले. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद लिहिलेले नसतात. कोण राक्षस, कोण राजा, कोण कुणाला मारणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी पहाटेपर्यंत माणसं जागची हलत नाहीत, कारण आज हा नट काय बोलेल आणि समोरचा त्याला कसं उत्तर देईल हे त्या दोघांनाही ठाऊक नसतं. ‘हेडीस’मध्ये मला तीच रात्र सापडली. पुराण हे एकदा वाचून मिटवायचं पुस्तक नव्हे, ते पुन्हा पुन्हा सांगण्यात जगतं. मरून पुन्हा उभं राहण्याच्या या खेळप्रकाराइतका त्याला साजेसा दुसरा साचा मला माहीत नाही.

दुसऱ्या भागाचं मोठं बळ इथेच आहे. कालच्या रात्री मी कुठे, कुणाच्या हातून मेले, हे मेलिनोएच्या तळावरची मंडळी लक्षात ठेवतात आणि त्यावर बोलतात. समुद्रतळाशी सिला नावाची राक्षसीण आपल्या वाद्यवृंदासह गाते. लढता लढता तिची ढोलवाली पाडली की गाण्यातला ढोल थांबतो. नार्सिसस पाण्यातल्या स्वतःच्या रूपात हरवून बसलाय, आणि खाली दूर शोकाच्या माळरानावर एको समोरच्याचे शेवटचे शब्द फक्त परत देते. दोघं एकमेकांना भेटत नाहीत, मेलिनोए मध्ये ये-जा करते. त्यांची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी, अनेक रात्रींत पसरून कळते, आणि मारामारीच्या खेळात मी त्या दोघांसाठी खरोखर झुरत होते.

लढण्याची रीतही बदलली आहे. झॅग्रिअस अंगावर धावून जायचा. मेलिनोए मांत्रिक आहे. जमिनीवर वर्तुळ आखून शत्रूला त्यात जखडायचं, बटण दाबून धरून मंत्रशक्ती साठवायची, मग वार करायचा. सुरुवातीला हे संथ वाटतं. हळूहळू कळतं की इथे चपळाईपेक्षा जागा हेरणं महत्त्वाचं. आणि जमतच नसेल तर ‘गॉड मोड’ आहे. हरत जाल तसं संरक्षण थोडं थोडं वाढतं. त्याला कमीपणा मानणाऱ्यांशी माझं पटत नाही.

माझा बराचसा खेळ स्विच या हातात धरायच्या यंत्रावर, घाटकोपर ते वर्सोवा मेट्रोत झाला. घाटकोपर हे पहिलं स्टेशन, एक गाडी सोडली की बसायला मिळतं. खेळाची पूर्ण फेरी अर्ध्या तासाच्या पुढे जाते आणि अंधेरी त्याच्या आधीच येतं. पण खेळ प्रत्येक दालनाच्या दारात जपून ठेवला जातो, त्यामुळे एरिबसच्या जंगलात मिटलेलं यंत्र संध्याकाळी तिथेच उघडता येतं. परतीच्या गर्दीत अर्थात हात वर काढायचीही सोय नसते.

आता खटकलेलं सांगते. या खेळात फार वेचावं लागतं. खडक फोडून चांदी, जमीन उकरून बिया, गळ टाकून मासे, झुडपं, भटके आत्मे. तळावरच्या मंत्रांच्या कढईला हे सगळं हवं असतं. लढाई जिंकल्यावर छाती धडधडत असताना पुढचं दार उघडायचं, की कोपऱ्यातल्या खडकाकडे वळायचं? मी दर वेळी खडकाकडे वळत होते आणि दर वेळी लढाईची नशा उतरत होती.

दुसरी तक्रार वरच्या वाटेबद्दल. या भागात पाताळाखेरीज ऑलिंपसकडे चढणारी वेगळी वाट आहे, म्हणजे जवळजवळ दुप्पट खेळ. पण तिच्या टोकाचा राक्षस टायफॉन नुसताच अवाढव्य आहे. क्रोनोस बोलतो, डिवचतो, नातीला नात म्हणून ओळखतो. टायफॉनशी काही नातंच जुळत नाही. त्याच वाटेवर माणसाला अग्नी देणारा प्रोमिथियस भेटतो, तोही क्रोनोसच्या बाजूने. ऑलिंपसच्या देवांनी त्याच्यावर केलेला अन्याय सर्वांना माहीत आहे. मग या देवांसाठी मी का लढते आहे? इतका मोठा प्रश्न खेळ स्वतःच विचारतो आणि त्याला पुरेसं न भिडता पुढे निघून जातो.

आमच्याकडचं असं काही खेळायला मिळावं ही भूक पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढून जागी केली. धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, दुर्गेचं आणि विष्णूचं पाठबळ, पहाडी चित्रशैलीतली दालनं. तो सरळ रेषेतला साहसखेळ होता, रोगलाईक नव्हे. रोज नव्याने रंगणारं, मरून पुन्हा सुरू होणारं आपलं आख्यान कुणी तरी करावं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे शेवटाबद्दल लिहिते आहे. खेळायचा बाकी असेल त्यांनी इथेच थांबावं.

आई कधीकधी शेजारी बसून बघायची. क्रोनोसने भाकिताच्या भीतीने आपली मुलं गिळली आणि झ्यूसला लपवून वाढवलं गेलं, हे सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, “अगं, हा तर कंस. आणि तो गोकुळात वाढलेला.” तिला पुढचं काही समजावावं लागलं नाही. मात्र खरा शेवट आला तेव्हा ती अस्वस्थ झाली. इतक्या रात्री मेलिनोए मरत, उठत, खाली उतरत राहिली, आणि निर्णायक क्षणी सूत्रं मागच्या काळातल्या भावाकडे जातात. झॅग्रिअस आजोबांचं मन वळवतो, क्रोनोस निवळतो, घर पुन्हा एकत्र येतं. प्रदर्शनानंतरच्या सुधारणांत कंपनीने या भागात काही प्रसंग वाढवले, पण मूळ घाव तोच राहिला.

“कंसालाही मोक्ष मिळाला,” आई म्हणाली, “पण कृष्णाच्या हातून. हिच्या हाती काय आलं?”

मला क्षमेचं वावडं नाही. ज्या आजोबाने तिचं सगळं बालपण हिरावलं त्याला माफ करायचं की नाही, हे मेलिनोएने ठरवायला हवं होतं. तिने माफ केलं असतं तरी चाललं असतं. पण त्यासाठी खेळाने तिला त्याच्यासमोर उभं करून बोलू द्यायला हवं होतं, लांबलचक, दशावतारातल्या नटासारखं, पहाट होईपर्यंत.