बापाकडे थेट मागणं

दिवाळी आटोपली की नवापूर तालुक्यातल्या गावांतून टेम्पो भरभरून माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. कित्येक घरांत मग म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी उरतात. त्यातली काही घरं ख्रिस्ती आहेत. तिथे रात्रीची भांडी घासून झाली की चुलीपुढेच प्रार्थना होते आणि देवाला बाप म्हणून हाक मारली जाते. खरा बाप तेव्हा बारडोलीकडच्या एखाद्या फडात असतो.

आपल्याकडे देवाला माउली म्हणणं सोपं गेलं आहे. वारकऱ्यांनी विठोबाला आई केलं, आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांच्या अभंगांतही ख्रिस्ताचं ते आईपण उतरलं. बापाचं तसं नाही. वडिलांकडून काही हवं असेल तर आपण आईला पुढे करत आलो. सहलीचे पैसे असोत की नवी चप्पल, मागणं आईच्या तोंडून जायचं. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत मात्र मधे कुणीच नाही. लेकरानं थेट बापासमोर उभं राहायचं आणि बोलायचं.

आणि मागायचं काय? मत्तयाच्या सहाव्या अध्यायात बापाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा एवढं झालं की लगेच आजची भाकर येते. क्षमा तिच्यानंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. पोट रिकामं असलेल्या लेकराला आधी पश्चात्ताप शिकवत बसायचं नाही, हे त्या बापाला कळतं. नवापूरच्याच जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर भाकर म्हणजे आध्यात्मिक अन्न असा अर्थ सांगायला माझी जीभ रेटत नाही. कुपोषणासाठी ज्या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं, तिथे भाकर म्हणजे भाकरच.

म्हणूनच पुढचा अध्याय इथे वाचताना जड जातो. लेकरानं भाकर मागितली तर कोणता बाप त्याच्या हातावर दगड ठेवील, असं येशू विचारतो. नवापूर तालुक्यातल्याच चिंचपाड्याला 1942 पासून ख्रिस्ती रुग्णालय आहे. अशा दवाखान्याच्या बाकावर हाडं मोजता येतील असं मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईला हा प्रश्न कसा ऐकू येत असेल? माझ्याकडे तिच्यासाठी उत्तर नाही, आणि कुणी घाईने दिलेलं उत्तर मला नको आहे. एवढं मात्र दिसतं की येशू इथे देवाचं बापपण समजावताना राजाचा दाखला देत नाही. तो साध्या, चुकणाऱ्या माणसांकडे बोट दाखवतो, जी तशी असूनही लेकरांना चांगलं तेच देतात. फडात पहाटे थंडीत मोळ्या बांधणारा बाप त्यांच्यातलाच. आणि येशूने शिकवलेली ती प्रार्थना ‘आमची’ भाकर मागते, एकट्याची मागूच देत नाही. ती म्हणणाऱ्याला दवाखान्यातल्या त्या मुलाचा विसर पडत असेल, तर त्यानं बापाला हाक मारली असं मी मानत नाही.

आमच्या नात्यातली एक काकी आहे. तिची प्रार्थना मी जवळून ऐकली आहे. डोक्यावर पदर, समोर परातीत ज्वारीचं उरलेलं पीठ, मांडीवर पेंगणारा नातू. मराठीत सुरुवात करते आणि काळजीचं काही आलं की मावची बोलीत शिरते. मुलाच्या पाठीचं दुखणं, सुनेचे दिवस भरत आलेत ते, नातवाचा दाखला, सगळं एका दमात. थोरामोठ्यांच्या उपासनेत अशी मागणी क्षुद्र ठरवणारे मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. जो बाप डोक्यावरचे केस मोजतो असं आपण मानतो, त्याला शाळेच्या दाखल्याचं वावडं कसं असेल?

येशूच्या प्रार्थनेत भाकरीच्या पाठोपाठ क्षमा येते, ती ऋण सोडण्याच्या शब्दांत. उचलीखाली दबलेल्या घरात ते शब्द मुकाट्याने पुढे ढकलता येत नाहीत. काकी तिथे थांबते. मुलाचा हिशेब मुकादमाने नीट करावा म्हणून मागते आणि लगेच मुकादमाच्या घरच्यांनाही सुखी ठेव म्हणते, त्यालाही लेकरं आहेत. मी तिच्या जागी असतो तर हिशेबापाशीच थांबलो असतो. ती मात्र पुढे जाते, शेळी सुखरूप व्यावी एवढं आणखी मागते, आणि आमेन म्हणून नातवाला अंथरुणावर टाकते.