आपल्याच घरी पावणे

ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना तुर्भे आणि कोपरखैरणे यांच्या परिसरात ‘पावणे’ हे नाव आपल्या नजरेस पडले असेल. पूर्वेला पारसिकची डोंगररांग, पश्चिमेला ठाण्याची खाडी, भोवती औद्योगिक वसाहतीचे कारखाने आणि त्यांच्यामध्ये हे जुने गाव. बोलीभाषेत घरी आलेल्या पाहुण्यालाही ‘पावणे’ म्हणतात. गावाच्या नावाशी त्याचा काही संबंध आहे, असे मी म्हणत नाही. परंतु वयाच्या ६२व्या वर्षी, दोन वर्षांनंतर मी या गावातील माझ्या घरी परतले, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ मला नव्याने कळला.

परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर नेपाळमध्ये, पोखरा शहराजवळच्या डोंगराळ भागात, एका लहान आरोग्यकेंद्रात मी स्वयंसेविका म्हणून काम केले. मुदत संपली ती चैत्रात. निरोपापूर्वी सहकाऱ्यांनी पूनहिलची पदयात्रा ठरवली. उल्लेरीच्या हजारो दगडी पायऱ्या, घोरेपानीचा मुक्काम आणि पहाटेच्या अंधारात ३,२१० मीटर उंचीवरचा तो माथा. वाटेत लालीगुराँस, म्हणजे नेपाळचे राष्ट्रीय फूल, रानभर फुललेले होते. सूर्य वर आला आणि समोर ८,१६७ मीटर उंचीचा धवलगिरी सोनेरी झाला. दोन वर्षांचा शीण त्या क्षणी उतरला, असे वाटले.

खरी परीक्षा पुढे होती. चढताना दम लागतो, पण गुडघे बोलू लागतात ते उतरताना. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो आणि स्नायूंचे दुखणे पुढच्या दोन-तीन दिवसांत अधिक जाणवते. आमचा वाटाड्या मागून सारखा म्हणत होता, ‘बिस्तारै, दिदी, बिस्तारै.’ म्हणजे सावकाश. हातात काठी, लहान पावले, उभ्या उतारावर नागमोडी चाल आणि घाई मुळीच नाही. त्याचे ऐकले, म्हणून मी धडपणे खाली पोहोचले.

घरी परतल्यावर मात्र मी तो शब्द विसरले.

नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा अवघी १५ मिनिटे पुढे असते. ते मी प्रवासातच मागे केले, पण मन काही तेवढ्याने मागे आले नाही. थंड हवेतून एकदम दमट उकाड्यात आल्यामुळे झोप उडाली. शरीराला नव्या उष्णतेची सवय होण्यास एक-दोन आठवडे लागतात, हे इतरांना सांगणारी मी स्वतःवरच चिडत होते. भेटायला येणारे विचारत, ‘कसं होतं तिकडे?’ मी सांगू लागले की कुकरची शिट्टी वाजे आणि विषय बदले. दोष कोणाचाच नव्हता. जो तो आपल्या संसारात होता आणि माझी जागा मला सापडत नव्हती.

ती मिळवण्यासाठी मी सासूबाईंच्या सेवेचा ताबा घेतला. त्या ८६ वर्षांच्या. दोन वर्षे माझ्या सुनेने त्यांचे सारे केले होते. मी आल्याबरोबर औषधांचा डबा हलवला, वेळा बदलल्या, पथ्यात फेरफार केले. चौथ्या दिवशी सकाळी सातला मी त्यांना रक्तदाबाची गोळी दिली आणि साडेआठला सुनेने रोजच्या सवयीने तीच गोळी पुन्हा दिली. दुपारी पलंगावरून उठताना सासूबाईंचा तोल गेला. दाराची चौकट हाती लागली, म्हणून पडल्या नाहीत. रक्तदाब बराच खाली गेला होता. डॉक्टरांनी काही तास देखरेखीखाली ठेवून त्यांना घरी पाठवले.

रात्री सून एवढेच म्हणाली, ‘आई, तुम्ही दोन वर्षं इथे नव्हतात. आजींचं सगळं माझ्या हाताखालून जात होतं. मला एकदा विचारायचं होतंत.’

सप्टेंबर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर युद्धग्रस्त चीनमध्ये सेवेसाठी मुंबईहून निघाले, हे आपल्याला ठाऊक असेल. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांपैकी एक. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, ते तेथेच निवर्तले. त्यांची कथा घरोघरी पोहोचली आणि ते योग्यच झाले. पण नागपूरचे डॉ. चोळकर यांच्यासह त्यांचे सहकारी मायदेशी परतले, त्यांच्या परतण्याची आठवण आपण क्वचितच काढतो. निरोप समारंभाने होतो, परत येणे मात्र ज्याचे त्याने निभवायचे असते.

म्हणून आपल्या घरी कोणी दीर्घकाळाने परत येत असेल, मग ते सेवेहून असो, मुलांकडच्या परदेशवासाहून असो वा इस्पितळातून, तर दोन्ही बाजूंनी सावकाश घ्यावे. परतणाऱ्याने पहिले काही दिवस केवळ पाहावे, विचारावे आणि घराची नवी घडी समजून घ्यावी. घरच्यांनी त्याला रोजचे एक ठरलेले काम द्यावे आणि एखाद्या संध्याकाळी निवांत बसून त्याचे पूर्ण ऐकावे. वडीलधाऱ्यांच्या गोळ्या एका वेळी एकाच व्यक्तीने द्याव्यात, भिंतीवरच्या तक्त्यावर लगेच खूण करावी आणि चुकून दोनदा दिल्या गेल्यास तत्काळ डॉक्टरांना कळवावे. परतल्यानंतरच्या आठवड्यांत ताप आला, तर आपण कोठे राहून आलो, हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

आता आमच्या घरी तो तक्ता आहे. सकाळची खूण सुनेची, रात्रीची माझी. संध्याकाळी ऊन उतरले की सासूबाईंना घेऊन मी बाहेर पडते. दारापुढच्या तीन पायऱ्या उतरताना त्यांचा एक हात कठड्यावर असतो, दुसरा माझ्या हातात. पारसिकच्या डोंगराकडे पाहत त्या विचारतात, ‘तुझा तो डोंगर याच्यापेक्षा केवढा मोठा गं?’ मी सांगू लागते. त्या शेवटपर्यंत ऐकतात आणि घाई आम्हा दोघींनाही नसते.