सकाळचे दर्शन

सकाळी उठल्याबरोबर आपल्या तळहातांचे दर्शन घ्यावे, असे आम्हांला लहानपणी शिकवले होते. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मात्र दोन महिने माझी सकाळ कोंबडीच्या पिलांची शीट पाहण्याने उजाडली. दिवाळी अंकात, वाचकाच्या हाताशी फराळाची बशी असण्याचा संभव असताना, असला विषय काढणे बरे नव्हे, हे मला कळते. ज्यांना किळस येईल त्यांनी खुशाल पान उलटून पुढच्या कथेकडे वळावे. पण ज्यांच्या घरी तान्हे मूल वाढले आहे त्यांना माझे म्हणणे पटेल. लंगोट पाहून घरातली आजी बाळाची प्रकृती सांगते, पिलांचेही तसेच.

पिले माझी नव्हेत, वहिनींची. दादा गेल्यानंतर त्यांनी बचत गटाचे कर्ज काढून एका दिवसाची ५० पिले आणली. पुतणीला परिचारिकेच्या शिक्षणाला घालायचे होते आणि तिची फी या ५० चोचींतून निघायची होती. मी पोस्टातून निवृत्त होऊन कोकणातल्या या घरी नुकताच राहायला आलो होतो. उभा जन्म टपालाची वर्गवारी करण्यात घालवलेल्या माणसाला शिटेची वर्गवारी जड जाऊ नये, असे वहिनींचे मत पडले. "तुमचा चष्माही नवा आहे, भावोजी," त्या म्हणाल्या.

टपाल सोपे, असे आता मी म्हणेन. चांगली शीट घट्ट असते आणि तिच्यावर पांढरी टोपी असते. पाखरे लघवी वेगळी करीत नाहीत. ती टोपी म्हणजेच त्यांची लघवी. इथवर ठीक. पण दर आठ-दहा शिटांमागे एक अगदी निराळी पडते, तपकिरी, चिकट आणि अशी दुर्गंधी की विचारू नका. ती प्रथम दिसली तेव्हा वहिनींच्या तोंडचे पाणी पळाले. शेजारच्या आत्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. वास्तविक कोंबडीच्या आतड्याला शेवटी दोन बंद पिशव्या असतात. त्यांत अन्नाचा चोथा आंबतो आणि त्या अधूनमधून रिकाम्या होतात. अशी शीट दिसणे हे पिलू ठणठणीत असल्याचेच लक्षण. हिरवी शीट मात्र पाहून ठेवावी. पिलाने खाणे टाकले की नुसते पित्त उतरते आणि शीट हिरवी होते. त्यातच पिलू मान पिरगाळू लागले, धापा टाकू लागले, तर ती मानमोडी. तिला औषध नाही, आधी टोचलेली वा डोळ्यांत घातलेली लसच काय ती उपयोगाची. या रोगाला रानीखेत म्हणतात. कुमाऊंच्या डोंगरातल्या त्या सुरेख, थंड हवेच्या गावाच्या कपाळी ही अपकीर्ती का यावी, याचे मला राहूनराहून वाईट वाटते. वहिनींनी सातव्या दिवशीच लस घालून घेतली होती.

चौथा आठवडा लागला आणि श्रावणातला पाऊस चार दिवस धरून बसला. पाचव्या दिवशी सकाळी तुसावर रक्त दिसले. एक-दोन थेंब नव्हे, शीटच लाल. तीन पिले पंख पाडून, अंग फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी होती. संध्याकाळपर्यंत दोन गेली.

गावात रोगापेक्षा औषधे जास्त. कोणी हळद सांगितली, कोणी लसूण, कोणी ताक. दुकानदाराने शक्तीच्या औषधाची बाटली दिली. एका गृहस्थांनी आपणहून खुराड्यात फिनेल ओतून दिले. मी चिमटीने ती शीट एका डबीत भरली आणि एसटीने तालुक्याला गेलो. शेजारी बसलेल्या बाईंनी डबीत काय आहे म्हणून विचारले तेव्हा मी "नमुना" एवढेच म्हणालो.

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली मला ते दाखवले. बारीक, अंडाकार, तकतकीत कण. रक्ती हगवण, करणारा आयमेरिया नावाचा एकपेशी जीव. औषध अ‍ॅम्प्रोलियम, पिण्याच्या पाण्यातून सात दिवस, दुसरे पाणी ठेवायचे नाही. ते काम कसे करते हे ऐकून मला मौज वाटली. त्याचा घाट ब-१ जीवनसत्त्वासारखा असतो. त्या जीवाला ब-१ची भारी भूक. तो फसून औषध घेतो आणि उपाशी मरतो. म्हणून दुकानदाराची शक्तीची बाटली तेवढे दिवस बंद! तिच्यातले ब-१ म्हणजे शत्रूला शिधा पुरवणेच. फिनेललाही ते कण दाद देत नाहीत.

पण खरे औषध निराळेच होते. शिटेतून पडलेला कण लगेच बाधत नाही. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत तो बाधण्याजोगा होतो. म्हणजे ओल तोडली की वैरी अर्धा मेला. आता कोकणात श्रावणात कोरडे तूस आणावे कुठून? वहिनींनी ते चुलीवरच्या माळ्यावर पसरून शेकले. ओले तूस रोज उपसायचे, शेकलेले घालायचे. पाण्याची भांडी पिलांच्या पाठीइतक्या उंचीवर विटांवर चढवली, म्हणजे त्यांत पाय पडू नयेत की पाणी सांडू नये. आठ दिवस आमच्या घरातल्या भाताला धुराचा आणि तुसाचा वास येत होता. आणखी दोन पिले गेली. वहिनी रडल्या नाहीत, वहीत ५० खोडून ४६ लिहिले आणि पुतणीला म्हणाल्या, "एवढी पुरतील."

दहाव्या आठवड्यात काही पिले खात खूप पण भरत नाहीत असे दिसले. छातीचे हाड धारेसारखे हाताला लागे. एके सकाळी शिटेत बोटभर लांब पांढरा जंत निघाला. शेवयांची खीर मी तेव्हापासून खात नाही. हा गोल जंत कोवळ्या पिलांनाच अधिक छळतो. पाइपराझीन त्याला मारत नाही, लुळे करते आणि तो शिटेबरोबर वाहून जातो. म्हणून दुसऱ्या दिवशीची सगळी शीट उचलून खुराड्यापासून दूर पुरायची. त्या औषधाने मोठे जंत जातात, बारीक राहतात. काही आठवड्यांनी डोस पुन्हा द्यावा लागतो. वहिनींनी तारीख कालनिर्णयावर एकादशीच्या शेजारीच लिहून ठेवली.

४६ पैकी २२ कोंबडे निघाले. ते विकून फीचा पहिला हप्ता भरला. २४ कोंबड्यांनी पौषात अंडी द्यायला सुरुवात केली. पुतणी आता रत्नागिरीला शिकते, आणि सुटीत आली की माझ्या वर्गवारीची परीक्षा घेते.

यंदा गावात आणखी सहा घरी पिले आली आहेत. परवा वहिनी भाकरी थापत असताना एक नवी सून अळूच्या पानात काहीतरी गुंडाळून, पदराआड धरून, दारात उभी राहिली. वहिनींनी मान वर न करता विचारले, "टोपी आहे का वर?"

"आहे."

"तपकिरी, चिकट?"

"नाही हो. थोडी लालसर वाटते."

परातीतला हात तसाच थांबला. "भावोजी," वहिनी म्हणाल्या, "माझे हात पिठाचे आहेत. चष्मा घेऊन जरा बाहेर या."