फुकटचं तिकीट आणि आईंचं पाणी



आम्ही मांगीतुंगीची तिकिटं का रद्द केली, हे मला आतापर्यंत पाच-सहा जणींनी विचारलं. सगळ्यांचा सूर एकच, "पॉइंटांवरच काढली होती ना? मग गेली तर काय गेलं?" म्हणून एकदा नीटच लिहिते.

गोष्ट २०२४च्या मे महिन्यातली. यांच्या क्रेडिट कार्डावर तीन वर्षांचे पॉइंट साचले होते. त्यातून थर्ड एसीची सहा तिकिटं निघाली. तिघांची जायची, तिघांची यायची. शुक्रवारी ३१ मेच्या रात्री वर्ध्याहून बसायचं, शनिवारी सकाळी नाशिक. म्हसरूळला गजपंथाचं दर्शन, तिथून मांगीतुंगी, आणि रविवारी संध्याकाळी मुंबईहून येणाऱ्या गाडीनं परत. सासूबाईंचं वय शहात्तर. गुडघे गेलेले. २०१६ साली ऋषभदेव भगवंतांच्या १०८ फुटी मूर्तीचा पंचकल्याणक झाला तेव्हा आंजीहून कोणी कोणी गेलं, ते त्या अजून नावानिशी सांगतात. स्वतःचं जायचं राहिलं होतं. डोली करायची हेही ठरलं होतं, फक्त डोलीचे पैसे कोणी द्यायचे यावर घरात वाद होता. त्या म्हणत होत्या, माझ्या यात्रेचे मीच देणार.

बुधवारी फोनवर बातमी आली. मध्य रेल्वेनं मुंबईत ६३ तासांचा मेगाब्लॉक जाहीर केला होता. ठाण्याला फलाट रुंद करायचे होते, सीएसएमटीला चोवीस डब्यांच्या गाड्यांसाठी फलाट वाढवायचे होते. गुरुवारच्या मध्यरात्रीपासून रविवारी दुपारी साडेतीनपर्यंत. लांबच्या गाड्यांपैकी काही रद्द, काही दादर, पनवेल, नाशिकपर्यंतच. आमची जायची गाडी नाशिकपर्यंत पोचेल असं वाटत होतं. खरी काळजी यायच्या गाडीची. ती मुंबईहून निघणारी, आणि नेमकी ब्लॉक संपण्याच्याच सुमारास.

हे म्हणाले, थांबू. गाडी रेल्वेनं रद्द केली तर सगळंच परत मिळतं. ते खरं, पण रेल्वेच्या हिशेबात जायचं तिकीट वेगळं आणि यायचं वेगळं. यायची गाडी रद्द झाली म्हणून जायच्या तिकिटाचं कोणी काही देत नाही. तेव्हाच्या नियमानं अठ्ठेचाळीस तास आधी रद्द केलं तर थर्ड एसीला माणशी १८० रुपये आणि वर जीएसटी. त्यानंतर बारा तास आधीपर्यंत पंचवीस टक्के, मग चार तासांपर्यंत निम्मं. म्हणजे जे काय ठरवायचं ते बुधवारी रात्रीच्या आत. सहा तिकिटांचे १०८० रुपये आणि जीएसटी.

पैशांपेक्षा मला घड्याळाची भीती होती. आईंचा रात्री चारही आहारांचा त्याग आहे. सूर्यास्त ते सूर्योदय पाण्याचा थेंब नाही. दिवसाही उकळलेलं पाणी, आणि त्याची मर्यादा चोवीस तास. पिठाची काळजी नव्हती, उन्हाळ्यात पाच दिवस चालतं, शुक्रवारी दळलं असतं तर दशम्यांचं भागलं असतं. पाण्याचं तसं नाही. गाडी वेळेवर असती तर काहीच अडचण नव्हती: धर्मशाळेत जेवून, पाणी घेऊन, दिवस मावळायच्या आत डब्यात बसायचं, पहाटे वर्धा. पण गाडी सहा-आठ तास उशिरा आली असती तर? नवतपा चालू, आणि आई रात्रभर फलाटावर कोरड्या घशानं बसलेल्या. दुसऱ्या दिवशी अकोला-बडनेऱ्याच्या उन्हात गाडी रखडली, उकळलेल्या पाण्याची मर्यादा संपली, तर नवं पाणी कुठं उकळायचं? डब्यात किटली लावायला बंदी आहे. तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि आपण बसलोच नाही तर पूर्ण पैसे मिळतात, नियम चांगला आहे. पण नाशिकच्या फलाटावर तो नियम घेऊन काय करू? घरी तर यायचंच.

आईंना विचारलं. वाटलं होतं, हट्ट करतील. त्या म्हणाल्या, "मी त रायतो वं बिनपाण्याची, मले सवय आहे. पण तुमी दोघं माझ्या तोंडाकडे पाहून पाणी पेणार नाही, ते मले सोसत नाही." यावर हे काही बोलले नाहीत. रात्री नऊला सहाही तिकिटं रद्द केली.

आता "फुकटचं होतं" याबद्दल. पॉइंट फुकट नसतात गं. शेताच्या फेऱ्यांचं पेट्रोल, विजेचं बिल, दिराच्या मुलीच्या लग्नातली खरेदी, सगळे आपलेच पैसे. फुकट म्हटलं की माणूस दोनच चुका करतो, एक तर उधळतो, नाहीतर ते वाया जाऊ नये म्हणून नको तिथं जातो. दुसरी जास्त महागात पडते. परिग्रह काही फक्त तिजोरीत नसतो, मोबाइलमधल्या आकड्यालाही मन चिकटतं. यांचं चिकटलं होतं, दोन दिवस ते कार्डाचं ॲप उघडून पाहत होते.

त्या रविवारी आमची गाडी धावली की नाही, ते मी पाहिलंच नाही. शेजारच्या काकूंनी "धावली असेल हो" म्हटलं, तेव्हाही नाही.

शनिवारी सकाळी उन्हाच्या आत आर्वी रोडनं वर्ध्याला गेलो, मंदिरात अभिषेक पाहिला, अकराच्या आत घरी. आईंनी जेवणानंतर पाकीट काढून डोलीचे पैसे मोजले आणि परत बटव्यात ठेवले. कार्तिकातल्या अष्टाह्निकेचं बोलत होत्या. कपात होऊन उरलेले पॉइंट काही दिवसांनी परत आले. या खेपेला तिकीट काढताना मी यायची गाडी मुंबईहून सुटणारी घेणार नाही, भुसावळला बदलावी लागली तरी चालेल.