तंबाखूची उधारी : जेम्सटाउन ते यॉर्कटाउन

व्हर्जिनियात जेम्सटाउनहून विल्यम्सबर्गमार्गे यॉर्कटाउनला जाणारा कलोनियल पार्कवे जेमतेम 23 मैलांचा. एका टोकाला 1607 मध्ये इंग्रजांनी वसाहत केली, दुसऱ्या टोकाला 1781 मध्ये, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात, ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. पारतंत्र्याकडून स्वातंत्र्याकडे नेणारा रस्ता अशी याची ख्याती आहे, मला मात्र तो उधारीचा रस्ता वाटतो.

जेम्सटाउनला नदीकाठी चर्चचा विटांचा मनोरा उभा आहे आणि शेजारी उत्खननात सापडलेल्या कोटाच्या खुणा. वसाहत वसवली ती लंडनच्या भागधारकांच्या व्हर्जिनिया कंपनीने. त्यांना हवे होते सोने. वसाहतवाले मात्र 1609-10 च्या हिवाळ्यात उपासमारीने पटापट मेले. पुढे गाव तगले ते जॉन रॉल्फने 1612 च्या सुमारास लावलेल्या तंबाखूवर. गंमत अशी, की ज्या जेम्स राजाचे नाव गावाला दिले, त्यानेच तंबाखूविरुद्ध जळजळीत पुस्तिका लिहिली होती. हे पीक तीन-चार वर्षांत जमिनीचा कस काढून घेते, म्हणजे सतत नवी जमीन हवी आणि राबणारे हात हवेत. जमीन तिथल्या मूळ रहिवासी पाउहॅटन लोकांची होती. कंपनीने 1618 मध्ये ती मजूर आणणाऱ्याला माणशी 50 एकर अशी वाटायला काढली. 1619 मध्ये वीसेक आफ्रिकी माणसे किनाऱ्यावर उतरवली गेली आणि 1662 च्या कायद्याने आईची गुलामी मुलाच्याही माथी मारली. करारावर आलेले गरीब इंग्रज मुदत संपल्यावर जमीनदार झालेच की, असे कोणी म्हणेल. काही झालेही. पण ते 50 एकर मिळत जहाजाचे भाडे भरणाऱ्याला, राबायला येणाऱ्याला नव्हे.

विल्यम्सबर्ग राजधानी असताना, 1730 मध्ये, तपासणीचा कायदा झाला. सरकारी वखारीत सुमारे हजार पौंड वजनाचे पिंप फोडून पाने पाहत, खराब माल जाळत आणि चांगल्याची पावती देत. ही पावतीच बाजारात पैसा म्हणून फिरे. बडे मळेवाले माल लंडनच्या अडत्याकडे पाठवत, त्याच्याकडूनच कापडचोपड, फर्निचर, वाइन मागवत आणि खात्यावर बाकी चढत जाई. तंबाखू इंग्लंडलाच विकण्याची सक्ती 1660 च्या कायद्याने केली होती, मग दोष मळेवाल्यांचा कसा, हा आक्षेप वजनदार आहे. पण ती सक्ती गव्हाला नव्हती. अडत्याच्या कर्जात सापडलेला मळेवाला जॉर्ज वॉशिंग्टन 1760 च्या दशकात गव्हाकडे वळलाच, म्हणजे वाट होती. त्या गव्हातही राबले गुलामच. यॉर्कटाउन हे त्याच तंबाखूचे बंदर. तिथे लढाई निकालात निघाली, खाती नाही. 1783 च्या ब्रिटन-अमेरिका तहात जुनी देणी वसूल करण्यास मुभा ठेवली, तरी व्हर्जिनियात ब्रिटिश सावकारांना दाद मिळेना. शेवटी 1802 मध्ये अमेरिकी सरकारने 6 लाख पौंड देण्याचे कबूल करून तो वाद मिटवला.